ग्रंथ उघडण्याची वेळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्याविषयी त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी एक गोष्ट अनेकदा ऐकली आहे. कवितेचा अर्थ सांगून झाला की ते मुलांना पुस्तक मिटावयास लावीत आणि विचारीत, "कवितेला तू पुष्कळ विचारलेस, आता कवितेने तुला काय विचारले, ते सांग." मुले गोंधळून जात. मी त्या वर्गात कधी बसलो नाही, परंतु तो प्रश्न मला फार उशिरा भेटला आणि तोच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. धर्मग्रंथ गंभीरपणे घेणे म्हणजे काय, आणि ते वेळेवर का करावे, याविषयी मला बोलावयाचे आहे. मी ज्या ख्रिस्ती परंपरेत वाढलो तिच्यातील उदाहरणे घेऊन मी बोलेन. आपल्यापैकी बहुसंख्य श्रोते ख्रिस्ती नाहीत, याची मला जाणीव आहे. परंतु घरातील ग्रंथ लाल वस्त्रात गुंडाळून ठेवण्याची रीत कोणा एका धर्माची नाही, म्हणून हे बोलणे परके वाटू नये अशी आशा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठी ख्रिस्ती माणूस बायबलला 'पवित्र शास्त्र' म्हणतो. बायबल हा शब्द ग्रीक 'बिब्लिया' या बहुवचनावरून आला. त्याचा अर्थ 'पुस्तके' एवढाच. प्रॉटेस्टंट परंपरेत ती सहासष्ट आणि कॅथलिक परंपरेत त्र्याहत्तर मोजतात. आपल्या पूर्वजांनी मात्र 'पुस्तके' न म्हणता 'शास्त्र' म्हटले. 'शास्' या धातूचा अर्थ शिकविणे, आज्ञा करणे, वळण लावणे असा आहे. शासन आणि शिष्य हे शब्द त्याच कुळातले. तेव्हा ज्याला आपण शास्त्र म्हणतो त्याला आपल्यावर काही अधिकार आहे, हे त्या नावातच कबूल केलेले असते. एखादा ग्रंथ पूजावा, त्यावर हात ठेवून शपथ घ्यावी, लग्नात वधूवरांना तो भेट द्यावा, आणि त्याने आपल्याला काही सांगू लागताच तो मिटावा, हे त्या नावाशी जुळत नाही.

ग्रंथाचा आदर करणे आणि ग्रंथ गंभीरपणे घेणे यांतला हा भेद ध्यानात येण्यासाठी मराठीतच एक थोर उदाहरण आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीन शतके ती नकलांवरून नकला होत पसरली आणि तीत अपपाठ शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, संत एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून तिचे शुद्धीकरण केले. एकनाथांची ज्ञानेश्वरांवरील भक्ती निर्विवाद आहे. त्या भक्तीनेच त्यांना ओवीओवीपाशी थांबविले. ग्रंथात नेमके काय म्हटले आहे, हे कळल्यावाचून त्याला नमस्कार करण्यात त्यांना समाधान वाटले नाही.

ख्रिस्ती मराठीतही असे एक उदाहरण आहे. ते पंडिता रमाबाईंचे. रमाबाईंचे समाजकार्य आपण जाणतो. १८८९ साली मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन आणि पुढे पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती मिशन, यांविषयी शाळेच्या पुस्तकांतही लिहिलेले असते. परंतु त्यांच्या आयुष्याचा एक धागा असा आहे की तो आरंभापासून अखेरपर्यंत ग्रंथवाचनाचा आहे, आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

१८५८ साली जन्मलेल्या या मुलीला तिच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, संस्कृत शिकविले. आणि लक्ष्मीबाईंना ते त्यांच्या पतीने, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, सनातन्यांचा विरोध पत्करून शिकविले होते. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरले. भागवतातील सहस्रावधी श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. पुढे दक्षिणेतील दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली, तेव्हा स्त्रीने वेद वाचावा की नाही या विचाराने त्या प्रथम अडखळल्या.

त्याच कलकत्त्यात काही ख्रिस्ती मंडळींनी त्यांना संस्कृतातील बायबल भेट दिले. रमाबाईंनी ते चाळून पाहिले आणि त्यांना ते कळले नाही. ही हकीकत त्यांनीच १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात सांगितली आहे. ज्यांच्या संस्कृत वाणीपुढे शास्त्री-पंडित माना डोलावीत होते, त्यांना संस्कृतातील बायबल परके वाटले. पुढे विवाहानंतर सिल्चरला पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सापडली, आणि तेथून त्यांचे वाचन खऱ्या अर्थाने सुरू झाले. विद्वत्तेच्या भाषेत जे बंद राहिले ते घरच्या बोलण्याच्या भाषेत उघडले, हा अनुभव त्या विसरल्या नाहीत.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची त्यांची कबुली प्रत्येक ख्रिस्ती माणसाने मनात धरून ठेवावी अशी आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाचे त्यांनी लिहिले आहे. तो मिळण्यास पुढे सुमारे आठ वर्षे लागली. एवढी बुद्धिमान आणि एवढी प्रामाणिक स्त्री म्हणते की धर्म स्वीकारूनही शास्त्राने मला अजून स्पर्श केला नव्हता. मग जन्मानेच मंडळीत आलेल्या आमच्यासारख्यांनी आपली स्थिती काय समजावी?

आयुष्याची अखेरची सतरा-अठरा वर्षे रमाबाईंनी संपूर्ण बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. मराठी बायबल तेव्हा नव्हते असे नाही. विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला नवा करार श्रीरामपूरहून १८११ साली छापला गेला होता. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा नवा करार १८२६ साली निघाला होता आणि त्यानंतरही सुधारणा होत होत्या. परंतु रमाबाईंना ती भाषा संस्कृतप्रचुर वाटली. केडगावला आलेल्या खेड्यापाड्यांतील बायकांना ती कळत नाही, आणि तीतील काही शब्द मूळ अर्थापेक्षा वेगळाच अर्थ मनात आणतात, असे त्यांचे मत होते. म्हणून पन्नाशीकडे झुकलेल्या या विदुषीने इब्री आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास आरंभिला, इब्रीचे व्याकरण मराठीत लिहिले, आणि मुळावरून भाषांतर केले. ते छापण्याचे काम मुक्तीच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली होती आणि ते काम संपताच त्या गेल्या, असे मुक्तीच्या परंपरेत सांगतात. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

येथे मला थोडे घरचे सांगितले पाहिजे. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, गुजरातेत माणसे वाटेवर पडून मेली. त्या वेळी रमाबाईंची माणसे गुजरातेत आली आणि अनाथ मुलींना केडगावला घेऊन गेली. त्यांपैकी एक माझी आजी, वडिलांची आई. आपले गाव कोणते हे तिला सांगता येत नसे. 'महीकाठचे' एवढेच ती म्हणे. पाच-सहा वर्षांची असताना ती गुजराती बोलत गेली आणि मुक्तीत मराठी झाली. मोठेपणी ती छापखान्यात खिळे जुळवीत असे. जुळाऱ्याला अक्षरे उलटी वाचावी लागतात. आजीला दोन्ही बाजूंनी वाचता येई. लग्न होऊन ती नगर जिल्ह्यात आली तेव्हा तिच्या पेटीत विशेष काही नव्हते. पुढे मुक्तीचे ते बायबल तिच्याकडे आले, आणि तिची खरी मालमत्ता तीच झाली.

मी पुण्यास एम. ए. करीत असताना आजीची दृष्टी पूर्ण गेली होती. सुटीत घरी गेलो की ती म्हणे, "बाळा, जरा वाचून दाखव." मी वाचीत असे, पण घाईने. एकदा लूकच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांची गोष्ट मी तिला वाचून दाखविली. संपल्यावर ती म्हणाली, "अक्षरं वाचलीस. आता वाक्यं वाच." मी म्हणालो, "आजी, परीक्षा संपली की सावकाश वाचतो." परीक्षेच्या आधीच, १९७१ च्या फेब्रुवारीत, ती गेली. मी मातीला पोहोचलो. वाचावयाचे राहून गेले.

पुढे मी या शहरी प्राध्यापक म्हणून आलो. एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती गद्यावर प्रबंध लिहून पीएच. डी. मिळविली. बाबा पदमनजींपासून रमाबाईंपर्यंत सर्वांचे गद्य मी तपासले. आजीच्या त्या प्रतीतील शेकडो वाक्ये उद्धृत केली. कर्मणी प्रयोग मोजले, संस्कृत आणि देशी शब्दांचे प्रमाण काढले, आणि रमाबाईंची भाषा काही ठिकाणी ओबडधोबड आहे असा अभिप्रायही दिला. तो अभिप्राय चुकीचा होता असे मी आजही म्हणत नाही. परंतु इतकी वर्षे तो ग्रंथ माझ्या मेजावर उघडा असूनही त्याने मला एकही प्रश्न विचारू नये, अशी मी व्यवस्था करून ठेवली होती. अभ्यास हादेखील ग्रंथापासून दूर राहण्याचा एक मार्ग होऊ शकतो, हे मी अनुभवाने सांगतो. रविवारी मंडळीत उपदेश ऐकावा, सोमवारी टिपणे काढावीत, आणि दोहोंच्या मध्ये आपले आयुष्य जसे होते तसे ठेवावे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी माझ्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले की यात गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली जपावयाची असते. त्या रात्री मी हिशेब केला. आजीची दृष्टी गेली तेव्हा तिला शुभवर्तमानांतील अध्यायच्या अध्याय पाठ होते. अंधारातही तिचा ग्रंथ उघडा होता. मला, डॉक्टरेट मिळविलेल्या माणसाला, एक अध्यायही धड येत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी लूकचा सोळावा अध्याय काढला आणि आजीने सांगितल्याप्रमाणे वाक्ये वाचली.

ती गोष्ट थोडक्यात अशी. एक श्रीमंत मनुष्य रोज चैनीत असतो आणि त्याच्या दारापाशी लाजर नावाचा भिकारी फोडांनी भरलेला पडलेला असतो. दोघेही मरतात. यातनांत पडलेला श्रीमंत अब्राहामाला विनवितो की लाजराला माझ्या पाच भावांकडे पाठवा, म्हणजे ते तरी सावध होतील. अब्राहाम उत्तर देतो की त्यांच्यापाशी मोशे आणि संदेष्टे आहेत, म्हणजे शास्त्र आहे. त्यांचे त्यांनी ऐकावे. श्रीमंत म्हणतो, नाही, मेलेल्यांतून कोणी गेला तर ते ऐकतील. अब्राहाम म्हणतो की जे शास्त्राचे ऐकत नाहीत ते मेलेल्यांतून उठलेल्याचेही ऐकणार नाहीत.

ही गोष्ट मी शंभर वेळा वाचली असेल. गरिबांवर दया करावी हे तिचे तात्पर्य मी सांगत आलो, आणि ते खरेही आहे. परंतु या खेपेस माझ्या ध्यानात आले की त्या श्रीमंताच्या घरीही शास्त्र होतेच. भावांना त्याचे ऐकण्याची संधी होती, तशी त्यालाही होती. त्याला ज्ञानाची उणीव नव्हती. दारातल्या माणसाकडे पाहावयास सांगणारी वाक्ये त्याच्या घरात होती आणि त्याने ती अक्षरांप्रमाणे वाचली होती. जिवंतपणी जे अंतर एक उंबरठा ओलांडून मिटले असते, ते मेल्यावर ओलांडता न येणारी दरी झाले. उशीर होणे म्हणजे काय, ते इतक्या थोडक्यात मी अन्यत्र वाचलेले नाही.

जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, आणखी एक प्रसंग आहे. योशीया राजाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू असताना मुख्य याजक हिल्कीया याला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणिसाने तो राजाला वाचून दाखविला आणि राजाने आपली वस्त्रे फाडली. ग्रंथ शत्रूने नेला नव्हता. तो मंदिरातच हरवला होता. उपासना चालू होती, याजक होते, देणग्या येत होत्या, आणि ग्रंथ कोठे आहे हे कोणासच ठाऊक नव्हते. हुल्दा संदेष्ट्रीने सांगितले की राष्ट्रावरील अरिष्ट आता टळणार नाही, परंतु राजाचे मन मृदू झाले म्हणून त्याला ते पाहावे लागणार नाही. उशीर झाल्यावरही ऐकणाऱ्याचे ऐकणे व्यर्थ जात नाही, एवढा धीर मला या प्रसंगातून मिळतो.

याच संदर्भात एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. बायबलच्या मराठीत 'पश्चात्ताप' हा शब्द वारंवार येतो. त्याचा व्युत्पत्तीने अर्थ मागाहून होणारा ताप. परंतु मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया' आहे. त्यात मन पालटण्याचा, विचाराची दिशा बदलण्याचा अर्थ मुख्य आहे. जुन्या करारातील इब्री शब्द 'शूब' हा तर सरळ 'मागे फिरणे' असा आहे, वाट चुकलेला प्रवासी फिरतो तसा. ताप मागाहून होतो आणि पुष्कळदा तापापाशीच थांबतो. फिरणे मात्र आजच होऊ शकते. आजीच्या आठवणीने मी पन्नास वर्षे तळमळलो; तो ताप होता. ग्रंथ काढून वाचावयास बसलो, तेव्हा कोठे मी फिरलो.

आता या वडोदरे नगरीविषयी. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सर्व राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. येथे १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली मराठी साहित्य संमेलने भरली. परंतु आपल्या घरांतील स्थिती आपण जाणतो. नातवंडांना मराठी समजते, थोडी बोलताही येते. वाचता मात्र येत नाही. शाळा इंग्रजी, बाजार गुजराती. मग पणजोबांची ज्ञानेश्वरी असो वा आजीचे बायबल, ग्रंथ घरात असून हरवतो, योशीयाच्या मंदिरातल्यासारखा. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले आणि शतकात आणखी दोनदा निघाले. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ वाचला. कारण साध्या माणसांनी त्याच्या हाताने नकला केल्या आणि तो गाऊन जिवंत ठेवला. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली तो मंगळूरला पुन्हा छापता आला. आपल्या घरांवर तर कोणाचा हुकूम नाही. येथे ग्रंथ गेला तर तो केवळ आपल्या 'उद्या'मुळे जाईल.

तेव्हा करावयाचे काय? माझ्या उशिरा सुरू झालेल्या वाचनातून चार गोष्टी सुचतात. पहिली, सुटी वचने वेचण्याऐवजी एक पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत वाचावे. लूकचे शुभवर्तमान दोन-अडीच तासांत वाचून होते. दुसरी, मोठ्याने वाचावे आणि घरच्या भाषेत वाचावे. जुनी भाषा जड जात असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आहे, ज्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तिसरी, अडलेला शब्द ओलांडून पुढे जाऊ नये; दोन भाषांतरे शेजारी ठेवून पाहावीत. चौथी सर्वांत अवघड. वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि गुरुजींचा प्रश्न स्वतःला विचारावा. आणि उत्तर मिळाल्यास त्याच आठवड्यात एक तरी गोष्ट त्याप्रमाणे करावी. माझ्या बाबतीत ते उत्तर असे आले की ज्या सख्ख्या भावाशी जमिनीच्या वाटणीवरून मी अकरा वर्षे बोललो नव्हतो, त्याला पत्र लिहावे. पत्र गेले. उत्तर यावयास दोन महिने लागले, पण आले.

हल्ली दर रविवारी सायंकाळी माझी नात माझ्यापाशी बसते. तिला गुजराती वाचता येते, म्हणून बाळबोध अक्षरे तिला लवकर लागली; शिरोरेघ तेवढी नवी होती. ती आजीच्या प्रतीतून बोट ठेवून अडखळत वाचते आणि मी ऐकतो. माझ्या एका बाजूची दृष्टी आता बरीच गेली आहे. परवा तिने एक परिच्छेद घाईने संपविला, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप गेले, "अक्षरं वाचलीस. आता वाक्यं वाच." तिने मान वर करून पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.